लेखात हुदिमेंदी राहून गेलं

स्पेनमधल्या व्हितोरिया-गास्तेइस शहराच्या जुन्या गावठाणावरचा तुमचा लेख आवडला. टेकडीवर लांबट बदामाच्या आकारात वसलेलं हे गाव नकाशात पाहिलं की नजर हटत नाही. गल्ल्यांची नावं तुम्ही दिलीत, अर्थही द्यायला हवे होते: एर्रेरिया म्हणजे लोहारआळी, सापातेरिया चांभारआळी, कुचियेरिया सुऱ्या-चाकू करणाऱ्यांची. नावार राज्याच्या सांचो राजानं 1181 मध्ये शहराला सनद दिली, 1200 मध्ये ते शेजारच्या कास्तील राज्याकडे गेलं, आणि या आळ्या त्यानंतरच्या वाढीतल्या.

पण खरी हळहळ वाटली ती ज्यूंच्या आळीचा उल्लेख एका ओळीत संपवल्याची. 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंना हद्दपार केलं, देश सोडायची वेळ आली तेव्हा इथल्या ज्यूंनी आपलं दफनभूमीचं रान, हुदिमेंदी, गावाला देऊन टाकलं. अट एकच, तिथे कधी नांगर फिरवायचा नाही, काही बांधायचं नाही. गावानं शब्द पाळला, तोही साडेचारशे वर्षं! शेवटी 1952 मध्ये फ्रान्समधल्या बायोनच्या ज्यू समाजानं, त्या लोकांचे वारस म्हणून, शहराला त्या वचनातून मोकळं केलं. आज तिथे बाग आहे, स्मारक आहे. ज्यांना घालवून दिलं त्यांच्या मृतांची जागा मागे राहिलेल्यांनी जपली, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

सांता मारिया कॅथेड्रलच्या दुरुस्तीबद्दल मात्र छान लिहिलंय. काम चालू असतानाच लोकांना हेल्मेट घालून आत नेणं, पाया आणि वाकलेले खांब दाखवणं, ही कल्पना फार मोलाची. हुदिमेंदीवर वेगळा लेख लिहाच, ही विनंती.