१:२१० म्हणजे काय, हे तिला मराठीत कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात खानापूरहून भावाचा फोन आला. भावजयीला तेरावा आठवडा, हातात डबल मार्करचा, म्हणजे बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता मोजणाऱ्या रक्तचाचणीचा रिपोर्ट, त्यावर ठळक ‘हाय रिस्क’ आणि पुढे १:२१०. “ताई, बाळात दोष आहे म्हणे.” कोण म्हणालं? कुणीच नाही. बेळगावच्या दवाखान्यात कन्नडमधून दोन वाक्यं बोलले आणि पुढची तपासणी लिहून दिली. तिनं सही केली तो कागद इंग्रजीत होता. आमच्या घरात कन्नड येते ती बाजारापुरती.

मी रिपोर्टचा फोटो मागवला. अशा २१० गरोदर बायका घेतल्या, तर एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असू शकतो, २०९ जणींच्या नाही. आकडा एवढंच सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, शक्यता त्याहून जास्त असली की ‘हाय रिस्क’; इंग्लंडात ती रेघ १:१५० ला आहे. हाच आकडा इथं लीड्समध्ये माझा आला असता, तर ‘शक्यता कमी’ असं पत्र घरी आलं असतं. तिकडे ती पोर तीन दिवस धड जेवली नव्हती.

२०२२ मध्ये माझ्या वेळी मिडवाइफ, म्हणजे इथली शिकलेली सुईण, खुर्ची ओढून शेजारी बसली. तिनं ‘रिस्क’ शब्द एकदाही काढला नाही, ‘चान्स’ म्हणाली. ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत काही अडकलं तर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तात उतरलेल्या बाळाच्या डीएनएची तपासणी; तीही चाळणीच. खात्रीच हवी तर गर्भजल काढायचं, त्यात गर्भपाताची थोडी भीती असते. हृदय, मणका विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बघतात. बाळ हुशार होईल का, हे कुठलीच चाचणी सांगत नाही. आणि यातलं काहीच नको म्हणालात तरी चालेल, हेही तिनं सांगितलं.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिथल्या बाईंनी विचारलं, मुलगा की मुलगी, सांगू का? मी हो म्हणाले. रात्री आईचा फोन, “सांगितलं काय गं?” मुलगी म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “असू दे, पहिलीच आहे.”

म्हणूनच २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या अध्यक्षांनी लिंग सांगू द्यावं आणि प्रत्येक गर्भावर लक्ष ठेवावं असं मांडलं, तेव्हा मला ते पटलं नाही. २०१७ मध्ये म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं कागवाड तिथून लगतच. २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, मुडलगीच्या नाल्यात सात सापडले. एनआयपीटीत लिंग दहाव्या आठवड्यापासून कळू शकतं. ते दार उघडू नये, असं मी ते दार उघडं असलेल्या देशातून म्हणते.

पण लिंग सांगायचं नाही म्हणजे काहीच सांगायचं नाही, असं कुठं आहे? लिंग सांगायला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या त्याच कायद्याचं पाचवं कलम म्हणतं, बाईला परिणाम समजावून सांगा आणि तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्या. आपण मराठी फलकांसाठी, सातबाऱ्यासाठी मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. खानापूर, निपाणी, बेळगावच्या दवाखान्यांत हा एक कागदही मराठीत मागूया.

दोघांनी एनआयपीटी करायची ठरवलीय. पैसे पाठवते म्हटलं तर भाऊ म्हणाला, “पैसे हायत ताई. रिपोर्ट आला की तू तेवढा वाचून सांग.”