परदेशातून : भांडण चव्हाट्यावर आलं तर बिघडलं कुठे?

थिएटर कमांडचा (म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली देण्याचा) विषय निघाला की आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर लागतो : सैन्यदलांनी आपसात भांडू नये, आणि भांडलीच तर बाहेर कळू नये. जुलै २०२१ मध्ये तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हवाई दलाला तोफखान्याच्या पंगतीत, लष्कराचं साहाय्यक अंग म्हणून बसवलं आणि हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ते जाहीरपणे खोडून काढलं. तेव्हाही ठाणेकरांना राग आला तो 'चारचौघांत' बोलल्याचा. कोण बरोबर, हे कुणी विचारलंच नाही.

अपवाद दोघांचा. तिसऱ्या मजल्यावरचे सुभेदारकाका कारगिलला होते. त्यांचं म्हणणं, मे १९९९ मध्ये लष्कर सशस्त्र हेलिकॉप्टरं मागत होतं आणि हवाई दल सरकारची परवानगी आणा म्हणत होतं. परवानगी आली २५ मेला, ताबारेषा न ओलांडण्याच्या अटीवर. बी विंगमधले निवृत्त सार्जंट लगेच २८ मे काढतात : तोलोलिंगवर एमआय-१७ पडलं, चौघं गेले. त्या उंचीवर हेलिकॉप्टर पाठवू नका, हेच हवाई दल सांगत नव्हतं का? दोघांचंही खरं आहे. म्हणून तर हा वाद 'एकी ठेवा' म्हणून मिटणारा नाही.

मी राहतो अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये. इथल्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळामुळे ए-१० हे विमान गावाच्या ओळखीचं. पायदळाला जवळून आधार द्यायचा, एवढ्यासाठीच बांधलेलं. नाकात सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ, आणि विमान जणू तिच्याभोवती रचलेलं. हवाई दलाला मात्र ते नकोसं. २०१४ च्या सुमारास त्यांनी सगळा ताफा मोडीत काढायचं ठरवलं, तर अमेरिकी संसदेने संरक्षण खर्चाच्या कायद्यातच लिहिलं : काढायचं नाही. त्याच साली टूसॉनच्या जागेवरून मार्था मॅकसॅली निवडून आल्या, अवघ्या १६७ मतांनी. त्या स्वतः ए-१० उडवलेल्या वैमानिक. पुढच्या वर्षी एका मेजर जनरलने आपल्या अधिकाऱ्यांना बजावलं की या विमानाची तरफदारी खासदारांकडे करणं म्हणजे देशद्रोह. चौकशी झाली, त्याचं पद गेलं, वर ठपका बसला. आमच्या ग्रुपवर असं कुणी म्हटलं असतं तर त्याला तिरंगे आले असते.

आता या सगळ्यांचा जीव पायदळाच्या जवानासाठीच तुटत होता, असं मी म्हणणार नाही. तळ म्हणजे टूसॉनच्या नोकऱ्या, नोकऱ्या म्हणजे मतं. पण त्या मतांच्या लोभाने का होईना, हवाई दलाला उत्तरं द्यावी लागली. जून २०१४ मध्ये अफगाणिस्तानात पायदळाला आधार द्यायला आलेल्या बी-१ बॉम्बरने आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकले, पाच अमेरिकन सैनिक गेले. जवानांच्या हेल्मेटवर इन्फ्रारेड दिवे लुकलुकत होते, पण विमानावरच्या कॅमेऱ्याला ते दिसतच नव्हते आणि वैमानिकांना हे ठाऊक नव्हतं. हे मला कळलं, कारण चौकशीचा अहवाल लोकांसमोर आला.

आपल्याकडे कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला, काही भाग गाळून. मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांचा मेळ घालणाऱ्या संरक्षणदल प्रमुखाच्या पदाची शिफारस केली. पद आलं १ जानेवारी २०२० ला. हेलिकॉप्टरांचा वाद मात्र भावकीसारखा सुटला : चुली वेगळ्या. हवाई दलाकडे २२ अपाचे लढाऊ हेलिकॉप्टरं होतीच, लष्कराने आपली सहा वेगळी मागवली, ती २०२५ मध्ये आली. (अमेरिकेनेही १९६६ मध्ये हेच केलं होतं. हेलिकॉप्टरं लष्कराला, कॅरिबू ही मालवाहू विमानं हवाई दलाला.)

सार्जंटसाहेबांचा एक मुद्दा मला मान्य आहे. तुमच्या टूसॉनच्या पलीकडे पाकिस्तान नाही, म्हणतात. शिवाय लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन्स (तुकड्या) ४२ आणि हातात तिशीच्या आसपास; ती कमांडाकमांडांत वाटली तर ऐन वेळी एकीकडून दुसरीकडे हलवणार कशी? हवाई दलाची ही भीती खोटी नाही. पण ती संसदेत मांडण्यात गुपित कसलं फुटतं? अपाचे कुणाकडे किती, हे शत्रूला आपल्या आधी माहीत असतं.

निवडणुकीत ठाण्याचे उमेदवार मेट्रो, पाणी आणि घोडबंदरच्या कोंडीवर बोलतात, बोलावंच. पण लोकसभेला मत मागायला आलेल्याला एवढंही विचारावं : उद्या थिएटर कमांडरने विमानं मागितली आणि हवाई मुख्यालयाने नाही म्हटलं, तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि तो किती मिनिटांत मिळणार? सुभेदारकाका म्हणतात, उमेदवाराला प्रश्नच कळणार नाही. मग त्यांनीच गेटवर उभं राहून समजावून सांगावा. त्यांच्याइतका तो सोसायटीत कुणाला कळत नाही.