कापू नका, त्यात आम्हीही आहोत

आमच्या मराठवाड्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका प्राध्यापकांचा लेख आला आणि भाच्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला. लेखाचं म्हणणं असं की, जुन्या विनोदी मालिका आता ओटीटीवर आणि यूट्यूबवर पुन्हा येऊ लागल्या आहेत, तर त्या येण्याआधी त्यांतले बायकोवरचे, रंगावरचे, जाडेपणावरचे आणि गावाकडच्या बोलीवरचे विनोद काढून टाकावेत. नव्या पिढीने ते का शिकावेत? खाली भराभर अंगठे पडले. वहिनीने लिहिलं, अगदी बरोबर. भाच्याने पुढे जोडलं, "आत्या, तसंही आता कोण बघायलंय ते अख्खं? अर्ध्या तासाचं पंधरा मिनिटं केलं तरी गोष्ट कळतीच की." मी उत्तर लिहिलं, जरा लांब झालं, तर भावाने एका ओळीत विषय संपवला: तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस.

शिकवत नाही. पण गप्पही बसवत नाही.

मी राहते अमेरिकेत, सिनसिनाटीला. या शहराच्या नावाची एक मालिका आहे, 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी', १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस या वाहिनीवर चाललेली. डबघाईला आलेल्या एका रेडिओ स्टेशनची गोष्ट. दर थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे टर्की हा मोठा पक्षी खाण्याच्या इथल्या सणाच्या, आठवड्यात ऑफिसात कुणी ना कुणी तिच्यातल्या टर्कीच्या भागाचा विषय काढतंच. स्टेशनचा मॅनेजर जाहिरातीसाठी हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की खाली सोडतो, त्या उडतील अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ज्यांचा जन्म ती मालिका संपल्यावर झाला, तेही हा भाग तोंडपाठ सांगतात.

आता या मालिकेचं काय झालं ते भाच्याने ऐकावं. रेडिओ स्टेशन म्हटल्यावर गाणी आली, आणि ती त्या काळची खरीखुरी गाणी होती. मालिका फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतली, कारण टेपवरच्या कार्यक्रमांना गाण्यांचे हक्क स्वस्तात मिळत. पण ते हक्क मुदतीचे होते. मुदत संपल्यावर पुनःप्रक्षेपणात गाणी बदलू लागली. जिथे गाणं वाजत असताना पात्रं बोलत होती तिथे गाणं वेगळं काढता येईना, म्हणून संवादसुद्धा दुसऱ्याच आवाजांत पुन्हा भरले. २००७ साली पहिल्या सीझनची डीव्हीडी आली तीही अशीच, कुठल्यातरी भाडोत्री संगीताची. टर्कीच्याच भागात एक छोटा प्रसंग होता. गाणी लावणारा डीजे पिंक फ्लॉइड या बँडची रेकॉर्ड लावून बसलेला, तिच्यात कुत्री भुंकतात, आणि मॅनेजर आत येऊन विचारतो की कुत्री भुंकल्याचा आवाज येतोय का. डीव्हीडीवर तो प्रसंगच नाही. गोष्ट कळते का? कळते. पण ज्या माणसाला आपल्याच स्टेशनवर काय वाजतंय याचा पत्ता नाही, तो टर्की उडतील असं का समजतो, हे त्या अर्ध्या मिनिटात होतं.

लोकांनी हे सोडलं नाही. २०१४ साली दुसऱ्या कंपनीने अख्खी मालिका डीव्हीडीवर आणली तेव्हा पैसे मोजून हक्क पुन्हा मिळवले आणि बरीचशी गाणी परत जागेवर आली. 'रोझॅन'चंही तसंच. कामगार घरातल्या, तोंडाने फटकळ बाईची मालिका. २००५ साली पहिल्या सीझनच्या डिस्कमध्ये जाहिरातींना जागा करण्यासाठी कापलेले पुनःप्रक्षेपणाचे भाग भरले, प्रेक्षक चिडले, पुढच्या सीझनला अखंड भाग द्यावे लागले. इथल्या माणसाला आपण विकत घेतलेल्या वस्तूत काय कमी आहे हे विचारायची सवय आहे. आपल्याकडे ही सवय नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आपण म्हणतो, चालतंय की.

सगळंच इथे चांगलं आहे असं नाही. 'मॅरीड विथ चिल्ड्रन' या मालिकेच्या डिस्कवर तिसऱ्या सीझनपासून गायक सिनात्राचं शीर्षकगीतच गायब आहे. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'साइनफेल्ड' ही जुनी विनोदी मालिका आली ती रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून, आणि रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला. पण ही कापाकापी पैशांसाठी नाहीतर आकारासाठी आहे. प्राध्यापक सांगतात ती कापाकापी चांगल्या हेतूची आहे, आणि म्हणूनच तिच्याशी भांडणं अवघड जातं.

भाच्याने लगेच शोधून 'थर्टी रॉक' या अमेरिकन विनोदी मालिकेचा दाखला टाकला. २०२० साली, गोऱ्या नटांनी काळा रंग फासलेले तिचे चार भाग निर्मात्यांच्याच विनंतीवरून काढले गेले. मग तुमच्याकडे पण कापतेतच की, आत्या. होय, कापतात. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेचा १९७५ मधला एक भाग वर्णद्वेषी शब्दांवरून काढला आणि लगेच सूचना जोडून परत ठेवला, हे मी त्याला उलट लिहिलं. वॉर्नर या चित्रपट कंपनीने जुन्या कार्टूनच्या डीव्हीडींवर तर आधीपासूनच एक निवेदन लावलेलं आहे. या चित्रणात पूर्वग्रह आहेत, ते तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, पण ते काढून टाकले तर असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल, असा त्याचा आशय. मला ही पद्धत पटते. शिवाय 'थर्टी रॉक'चे भाग गेले म्हणून अमेरिकेतली काळी माणसं पडद्यावरून जात नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मालिका आहेत, स्वतःचे लेखक आहेत, नट आहेत. आमच्या बाईला कापलं तर मागे कोण उरतं?

कुठली बाई, ते सांगते.

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा विनोदी मालिकेच्या वेळेला अर्धी गल्ली पुढच्या खोलीत असायची. आई सुपात तुरीची डाळ घेऊन दाराशी बसायची, म्हणजे पडद्याकडेही लक्ष आणि चुलीकडेही. एका मालिकेत कामाला येणारी एक बाई होती. मालिकेचं नाव घेत नाही, कारण अशी बाई त्या काळच्या बऱ्याच मालिकांत होती. डोक्यावर पदर, 'लई', 'न्हाई', 'बगा की'. तिने तोंड उघडलं की मागून हशा. ती बोली नेमकी कुठली हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. थोडी कोल्हापूरकडची, थोडी आमची, आणि उरलेली मुंबईत बसून केलेली. नवरा बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा, तेव्हाही हशा. त्या विनोदांना आईचा हात थांबायचा नाही. खडे बाजूला, डाळ बाजूला, मान खाली. पण एका भागात मालकिणीने पगारातून खाड्याचे पैसे कापले, आणि ती बाई कमरेला पदर खोचून, कोणत्या दिवशी कोण पाहुणे आले आणि त्या दिवशी किती भांडी जास्त घासली, याचा बोटं मोजत हिशेब सांगू लागली. आईने सूप खाली ठेवलं. तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दुसऱ्या दिवशी नळावर तो हिशेब तिने सगळ्या बायकांना जसाच्या तसा करून दाखवला.

हशा तोच होता. टीव्हीतले लोक तिच्यावर हसत होते आणि आई तिच्या बाजूने हसत होती. प्राध्यापकांच्या यादीप्रमाणे कात्री चालवली तर 'गावंढळ बोलीची टिंगल' म्हणून हा प्रसंग पहिला जाईल. उरेल काय? दिवाणखान्यात बसून शुद्ध बोलणारं मध्यमवर्गीय कुटुंब. म्हणजे मालिका अधिक सभ्य होईल आणि आम्ही तिच्यात नसू.

त्या हशाचा त्रास मला माहीत आहे. पुण्याला होस्टेलमध्ये मी 'जायलेव', 'करायलाव' म्हटलं की मुली पदर खोचल्याचा अभिनय करायच्या. पहिलं सत्र संपेपर्यंत मी बोलणं बदललं. घरी फोनवर एक, खोलीवर एक. इथे आल्यावर तिसरं लागलं. आता मुलाखतीत, डॉक्टरकडे, क्रोगर या किराणा दुकानाच्या काउंटरवर जो आवाज निघतो तो मलाच कधी कधी ओळखू येत नाही. म्हणून म्हणते, तो हशा राहू द्या. आम्ही आमचं बोलणं का सोडलं याचा तो पुरावा आहे. उद्या कुणी पोरगी विचारेल की मराठवाड्याची माणसं पुण्या-मुंबईत आपलं बोलायला लाजायची कशाला, तर तिला दाखवायला काहीतरी हवं.

आमच्या बोलीला नोकराच्या तोंडातून काढून रंगमंचाच्या मधोमध उभं केलं ते लक्ष्मणराव देशपांडे यांनी. मराठवाडा विद्यापीठात नाटक शिकवणारा माणूस, एकटा, एका उपरण्यावर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये बावन्न माणसं उभी करायचा. आमच्याकडे लग्नाच्या मांडवातही त्याची कॅसेट लागायची. त्या माणसाने काय बदललं हे समजायचं असेल तर आधी काय होतं तेही दिसायला पाहिजे. २०२२ साली आमच्या उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा आपल्या सीमाभागातल्या कन्नड-तेलुगू-उर्दू मिसळलेल्या बोलीचं कौतुक मी इथे रात्री जागून ऐकलं. मग तीच बोली जुन्या पडद्यावरून पुसून काढायला आपण टाळ्या कशा वाजवतो?

आणि आधीच किती कमी उरलंय. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. बीबीसीनेही तेच केलं, 'डॅड्स आर्मी' या त्यांच्या विनोदी मालिकेचे तीन भाग अजून सापडलेले नाहीत. पण तिथे ते हरवलेत याची नोंद आहे, नावं आहेत, शोध चालू आहे. आपल्याकडे काय काय गेलं याची यादी तरी कुणाजवळ आहे?

आता मूळ दुखणं. भावाने २००१ नंतर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे भाग व्हीसीआरवर रेकॉर्ड करून त्यांच्या प्रती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मला पाठवल्या होत्या. टेप भारतातल्या पॅल पद्धतीच्या, इथले व्हीसीआर एनटीएससी या वेगळ्या पद्धतीचे, त्यामुळे दुकानात देऊन त्या बदलून घ्याव्या लागायच्या. भारनियमनामुळे भाग मध्येच तुटायचा, आबा काही म्हणायला लागले की चित्र उडी मारून थेट पुढच्या जाहिरातीवर. आणि खाली केबलवाल्याची पट्टी सरकत असायची. साडी सेंटरचा सेल, कुणाच्या चिरंजीवांचा वाढदिवस, उद्या अमुक भागात नळाला पाणी येणार नाही. मूळ टेप उदगीरला भावाकडेच राहिल्या. आता भाचा त्या संगणकावर उतरवतोय, मोठ्या प्रेमाने, हे मला मान्य आहे. त्याने पाठवलेल्या फाइली उघडल्या. जाहिराती काढलेल्या, तुटलेले तुकडे जोडलेले, आणि चित्र मोबाइलवर पूर्ण भरावं म्हणून वरून-खालून कापलेलं. पट्टी गेली.

टिपरे मला ओटीटीवरही बघता येतात, यापेक्षा स्वच्छ. मला ती पट्टी पाहिजे होती. पाणी कुठल्या भागात येणार नाही हे सिनसिनाटीत वाचून उपयोग नव्हता, पण त्या पाच मिनिटांत मी गावातली असायचे. भाऊ म्हणतो ते एका अर्थाने खरं आहे. तुमच्याकडे गाव आहे, बाजार आहे, बोलणारी माणसं आहेत. तुम्ही कापलं तरी तुमचं भागतं, कारण कापलेलं दाराबाहेर उभं असतं. ते साडी सेंटर बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं हे तुम्ही बघितलंत. माझ्यासाठी ते अजून त्या पट्टीतच चालू होतं. मी गेल्यावर जे तिथे राहिलं नाही ते टेपवर राहिलं, आणि म्हणून टेपवरचं एक सेकंदही कुणी कमी करू नये असं मला वाटतं. हा हट्ट मी तिथे राहिले असते तर धरला असता का, सांगता येत नाही. पण हट्ट चुकीचा आहे असं अजून कुणी मला पटवलेलं नाही.

इथल्या डिस्कच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते, की काही भाग मूळ प्रक्षेपणापेक्षा वेगळे असू शकतात, किंवा काही संगीत या आवृत्तीसाठी बदललं आहे. ती ओळ आपल्या मालिकांवरही यावी. काय कापलं, किती कापलं, का कापलं. ज्यांना स्वच्छ आवृत्ती पाहिजे त्यांनी ती खुशाल बघावी, पण अखंड आवृत्ती शेजारी ठेवावी आणि जे खटकतं त्याबद्दल आधी दोन वाक्यं लिहावीत. प्राध्यापकांनी ती वाक्यं लिहिली तर मी आवडीने वाचेन, त्यांना बायकांवरच्या विनोदांचा राग आहे तसा मलाही आहे.

आणि बाळा, तू उतरवलेल्या फाइली ठेव, पण टेपा टाकू नकोस. एकदा पुन्हा उतरव, चित्र न कापता, जाहिरातींसकट, लाइट गेलेल्या जागांसकट. माळ्यावर ठेवू नको, तिथं पावसाळ्यात ओल येते आणि टेपला बुरशी धरते. आईच्या लोखंडी कपाटात वरचा कप्पा रिकामा आहे, तिथं उभ्या लावून ठेव.