खुलासा: कॅलिफोर्नियातल्या कैद्यांना 'घरपट्टीतून पगार' मिळत नाही

'कॅलिफोर्नियात तुरुंगातून सुटलेल्यांना काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) आपल्या घरपट्टीतून दरमहा रोख पैसे देते' असा मेसेज बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी मंडळींत फिरतोय. तो चुकीचा आहे.

2011 साली कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतली गर्दी इतकी वाढली होती, की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणायला लावली. त्याच वर्षी, 1 ऑक्टोबरपासून, एबी 109 हा राज्याचा कायदा लागू झाला आणि कमी गंभीर गुन्ह्यांतून सुटणाऱ्यांवर देखरेख ठेवायचं काम काउंटीच्या प्रोबेशन खात्याकडे (तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याकडे) आलं. कामाबरोबर पैसेही आले, पण ते राज्याच्या विक्रीकरातून आणि वाहन शुल्कातून. 2012 च्या प्रॉप 30 ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, ही तरतूद कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच घातली.

हे पैसे माणसाच्या हातात पडत नाहीत. तात्पुरत्या निवाऱ्यातली एक खाट, बसचा पास, हरवलेलं ओळखपत्र पुन्हा काढून देणं, व्यसनमुक्ती, वेल्डिंगसारखं प्रशिक्षण, असा तो खर्च असतो. रोख म्हणाल तर राज्याच्या तुरुंगातून बाहेर पडताना एकदाच मिळणारे 200 डॉलर. रक्कम 1973 पासून तेवढीच, आणि त्यातूनच कपड्यांचे, बसभाड्याचे पैसे कापले जाऊ शकतात! ते देतं राज्य, काउंटी नव्हे.

आणखी एक घोळ शब्दाचा. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याची तात्पुरती रजा, लग्नाकार्याला किंवा आजारपणाला. तिकडे पॅरोलवरचा माणूस तुरुंगवास संपवून राज्याच्या देखरेखीखाली राहत असतो. मेसेजमधलं 'पॅरोलवर मोकाट सोडलेत' हे त्यातूनच आलेलं दिसतं.