डालेक जिन्यापाशी अडलेले नाहीत

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा विषय निघाला, की तिच्यातल्या डालेक या खलजमातीविषयीची एक ठरावीक माहिती हटकून पुढे येते. ती थोडक्यात अशी : डालेक हे चाकांवर फिरणारे यंत्रमानव, त्यांच्यापासून वाचायचे तर दोन पायऱ्या चढून जावे, कारण 2005 पर्यंत त्यांना जिना चढता येत नव्हता, टेरी नेशन या लेखकाला त्यांचे नाव विश्वकोशाच्या एका खंडाच्या पाठीवर सापडले, आणि त्यांचे रूप जेवणाच्या मेजावरच्या मिरपुडीच्या दाणीवरून उचललेले आहे. ही माहिती इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितली जाते, की तिच्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे हे सांगणाऱ्यावरच पुराव्याची जबाबदारी येऊन पडते. ती येथे पार पाडतो.

जिन्याचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून तो आधी घेऊ. या विनोदाला आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. डालेकांची पहिली कथा 21 डिसेंबर 1963 पासून सात भागांत प्रसारित झाली आणि तिचे चित्रीकरण बीबीसीच्या लाइम ग्रोव्ह येथील लहानशा स्टुडिओत झाले. प्रत्येक डालेकाच्या आत एक माणूस बसलेला असे आणि तो पायांनी जमीन रेटत ते धूड लहान चाकांवर पुढे सरकवत असे. असे सोंग जिना चढणार नाही हे उघड आहे. पण सोंगाला जे जमत नाही ते पात्रालाही जमत नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती कथा पाहायला हवी होती. तिच्या चौथ्याच भागात, म्हणजे 11 जानेवारी 1964 रोजी, मालिकेचा नायक डॉक्टर (ही भूमिका वेळोवेळी वेगवेगळ्या नटांनी केली) आणि त्याचे सोबती डालेकांच्या नगरीतून लिफ्टने वर निसटतात आणि डालेक त्याच लिफ्टने त्यांच्या मागे येऊ लागतात. अनेक मजल्यांचे शहर बांधणाऱ्यांनी वर जाण्याची सोय केलेली असणारच, आणि ती त्यांनी केलेली होती. त्या कथेत त्यांची खरी अडचण निराळीच आहे. त्यांना शक्ती मिळते ती नगरीच्या धातूच्या जमिनीतून, स्थिर विद्युतेच्या रूपाने, त्यामुळे त्यांना नगरीबाहेर पडता येत नाही. पायरी नव्हे, तर उंबरठा ही त्यांची मर्यादा होती. पुढच्याच वर्षीच्या, पृथ्वीवरील आक्रमणाच्या कथेत ती मर्यादाही दूर करण्यात आली आणि डालेक थेम्स नदीच्या पाण्यातून वर येताना, वेस्टमिन्स्टर पुलावरून जाताना दिसले.

पुढचा दाखला 1973 सालच्या कथेतला आहे. तीत जॉन पर्टवी यांचा डॉक्टर एका उभ्या भुयारातून वर निसटतो, तेव्हा एक डालेक गुरुत्वाकर्षणावर मात करणाऱ्या तबकडीवर उभा राहून त्याच्या मागोमाग वर चढतो. हा दाखला मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला आपण आज नवीन समजतो तो प्रश्न पटकथेने त्या वर्षीच विचारला होता आणि सोडवलाही होता. मग विनोद टिकला कसा? काही अंशी मालिकेमुळेच. 1979 सालच्या कथेत टॉम बेकर यांचा डॉक्टर दोरीने वर चढून जातो आणि खाली राहिलेल्या डालेकांना खिजवतो, की विश्वातली श्रेष्ठ जमात म्हणवता ना, मग या की माझ्या मागे वर. दोन वर्षांनी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात जिन्याच्या पायथ्याशी हताश उभ्या असलेल्या डालेकांचे व्यंगचित्र आले आणि तेव्हापासून मूळ कथा न पाहिलेल्यांनाही ही थट्टा तोंडपाठ झाली.

उरला 2005 सालचा दावा. 5 ऑक्टोबर 1988 रोजी प्रसारित झालेल्या भागाचा शेवट असा आहे : लंडनमधल्या एका शाळेच्या तळघरातून सिल्व्हेस्टर मॅकॉय यांचा डॉक्टर जिन्याने वर पळतो, वरचे दार मुख्याध्यापकाने बाहेरून लावून घेतलेले असते, डॉक्टर मागे वळून पाहतो तर डालेक पायऱ्यांवरून अधांतरी, संथपणे वर येत असतो. प्रेक्षकाला ‘आता जिना आहे, सुटला’ असे वाटू द्यायचे आणि मग तोच जिना त्याच्या पायाखालून काढून घ्यायचा, असा तो प्रसंग रचलेला आहे. म्हणजेच विनोद किती रूढ झाला आहे हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. 30 एप्रिल 2005 च्या भागात हाच डाव पुन्हा टाकलेला आहे. तिथे एक तरुण जिन्यावर उभा राहून डालेकाची टिंगल करतो आणि डालेक ‘वर उचल’ अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारून तरंगू लागतो. या दोन प्रसंगांत सतरा वर्षांचे अंतर आहे. नव्या प्रेक्षकांनी दुसरा प्रसंग आधी पाहिला, म्हणून तो पहिला ठरला, एवढाच या समजाचा उगम.

आता यंत्रमानवांकडे वळू. डालेकाचे कवच यंत्र आहे, डालेक नव्हे, आणि हे रहस्य मालिकेने पुढे कधीतरी उलगडले असेही नाही. पहिल्याच कथेच्या तिसऱ्या भागात डॉक्टर आणि त्याचा सोबती इयन एक डालेक पकडून त्याचे कवच उघडतात. आत काय आहे ते प्रेक्षकाला दाखवले जात नाही. फक्त बायकांना पाहू नका असे सांगितले जाते, एक ओले, लिबलिबीत काहीतरी अंगरख्यात गुंडाळून जमिनीवर ठेवले जाते, इयन रिकाम्या कवचात शिरून बसतो आणि सगळे निघून गेल्यावर त्या अंगरख्याखालून एक नखी पंजा हळूच बाहेर सरकतो. भाग तिथे संपतो. 4 जानेवारी 1964 च्या संध्याकाळी हे पाहिलेल्या कोणाही मुलाला डालेक हा यंत्रमानव वाटला नसणार.

त्या आतल्या जिवाची कुळकथा 1975 सालच्या सहा भागांच्या कथेत सविस्तर आली. स्कारो ग्रहावर कॅलेड आणि थाल या दोन जमातींचे पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चाललेले असते. रसायनांनी आणि किरणोत्साराने आपली जमात बदलत जाणार हे ओळखून डाव्हरॉस हा कॅलेड शास्त्रज्ञ तो बदल स्वतःच्या हाताने वेगाने घडवून आणतो, त्यातून करुणा वजा करतो आणि उरलेल्या जिवाला चिलखती वाहनात बसवतो. ‘कॅलेड’ या शब्दाची अक्षरे फिरवली की रोमन लिपीत ‘डालेक’ होते, हे चौकस वाचकाच्या लक्षात आलेच असेल. शेवटी डाव्हरॉस आपल्याच निर्मितीपुढे दयेची याचना करतो, तेव्हा डालेक उत्तर देतो, की हा शब्द त्याच्या शब्दसंग्रहात नोंदवलेला नाही. यंत्राला दया नसते यात भयंकर काही नाही, मिक्सरलाही ती नसते. ज्याच्यातून ती जाणूनबुजून काढून टाकलेली आहे अशा सजीवाने हे वाक्य बोलणे ही गोष्ट वेगळी आहे, आणि डालेकांचा सगळा अर्थ या वेगळेपणातच आहे. नेशन यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेल्समधील कार्डिफमध्ये गेले. 1964 च्या कथेत मानवजातीच्या संहारासाठी डालेकांच्या तोंडी ‘अंतिम तोडगा’ हे नाझींचे शब्द घातलेले आहेत, ते योगायोगाने नव्हेत. यंत्रमानव वंशशुद्धीच्या नावाने लढत नाहीत; 1988 च्या कथेत डालेकांचे दोन तट अस्सल डालेक कोण, याच वादावरून एकमेकांना संपवत असतात. 2005 च्या भागातला डालेक तर माणसाचा अंश आपल्यात मिसळला हे असह्य होऊन स्वतःच मरण मागतो, आणि त्याआधी कवचाची पाने उघडून आपल्या एकुलत्या डोळ्याने छतातून आलेले ऊन पाहतो.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर इथेही मालिकेने विरोधकांच्या हाती एक कागद दिलेला आहे. वर उल्लेखलेल्या 1979 च्या कथेत डालेक आणि मोव्हेलन नावाचे यंत्रमानव यांची सैन्ये शुद्ध तर्काच्या बळावर एकमेकांना अडवून बसलेली दाखवली आहेत आणि संवादांतून डालेकही यंत्रमानवच असल्याचे सूचित होते. ती कथा नेशन यांच्याच नावावर आहे. तरीही एका कथेतली ही गफलत तिच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या कथांवर भारी ठरत नाही; कथानकाला कोंडी हवी होती, म्हणून डालेकांना तेवढ्यापुरते गणकयंत्र केले गेले, असेच म्हणावे लागते.

नावाची गोष्ट मात्र फार वेळ घेण्याजोगी नाही. ती मीही पूर्वी दोन-चार जणांना रंगवून सांगितलेली आहे. विश्वकोशाच्या खंडावर ‘डीएएल ते एलईके’ असे छापलेले पाहून नाव सुचले, हे नेशन यांनी वार्ताहरांना सांगितले खरे, पण ते आपण रचून सांगितले होते आणि नाव सहज सुचले होते, हेही पुढे त्यांनीच कबूल केले. कबुलीची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. डीएएलपासून एलईकेपर्यंतचा खंड म्हणजे रोमन वर्णमालेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पुठ्ठ्यात. असा विश्वकोश तीन-चार खंडांतच आटोपला असता. सर्बो-क्रोएशियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘दूरचा’ असा होतो, ही खरी गंमत आहे, पण तिचा नाव ठेवण्याशी संबंध नाही.

शेवटचा दावा मिरपुडीच्या दाणीचा, आणि त्याच्या पोटात दडलेला दुसरा दावा असा, की डालेक ही एकट्या नेशन यांची निर्मिती. नेशन यांचा वाटा मोठा आहे. पाय नसलेले, गोल तळावर सरकणारे, माणसासारखे काहीही नसलेले, लवचीक दांड्यावरच्या भिंगाने पाहणारे प्राणी, असे वर्णन त्यांनी संहितेत केले होते. पण त्या चार ओळींतून आज आपण ओळखतो तो आकार काढला बीबीसीचे नेपथ्यकार रेमंड क्युसिक यांनी. मुळात हे काम रिडली स्कॉट यांच्याकडे जायचे होते, पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजले तेच. त्यांना वेळ नसल्याने ते क्युसिक यांच्याकडे आले. क्युसिक यांनी सुरुवात केली ती खुर्चीवर बसलेल्या माणसापासून. आत माणूस तासन्‌तास बसणार, तेव्हा त्याच्याभोवती आकार बेतायचा, असा तो अगदी सुतारकामाच्या पद्धतीचा हिशोब होता. खालच्या घेरावरचे 56 अर्धगोल, पुढे आलेला तळ, घुमटावरचे दोन दिवे हे सगळे त्यानंतरचे. दिव्यांनाही काम होते. आवाज देणारे नट वेगळ्या ठिकाणी मायक्रोफोनपुढे असत, त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून खरखरीत होऊन येई, आणि चारपाच एकसारख्या डालेकांपैकी कोण बोलतो आहे हे कळावे म्हणून आतला माणूस शब्दांच्या तालावर दिवे उघडझाप करी. हाताच्या जागी लावलेल्या, तुंबलेली मोरी मोकळी करायच्या रबरी पंपाची थट्टा करणाऱ्यांनी 2005 च्या भागात त्याच पंपाने एका माणसाचा जीव गुदमरवून घेतलेला आहे, तेवढा पाहावा.

दाणीची गोष्ट एवढीच, की सोंगे बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसाबरोबर जेवताना क्युसिक यांनी मेजावरची मिरपुडीची दाणी उचलली आणि हे असे सरकले पाहिजे, म्हणून ती फिरवून दाखवली. दाखवले ते चालणे, आकार नव्हे. पुढे आयुष्यभर लोक दाणीचेच विचारत राहिले, तेव्हा हाताला मिठाची दाणी लागली असती तर तिचे नाव झाले असते, असे ते म्हणत. नेशन हे स्वतंत्र लेखक असल्याने डालेकांच्या हक्काचा हिस्सा त्यांच्याकडे राहिला, आणि 1964-65 मध्ये खेळण्यांची जी लाट आली तिचा त्यांना मोठा लाभ झाला. क्युसिक पगारी नोकर होते, त्यामुळे त्यांचे रेखाटन संस्थेच्या मालकीचे ठरले. त्यांना मिळाले ते सुमारे शंभर पाऊंडांचे बक्षीस आणि बीबीसीच्याच ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाचा एक सोनेरी बिल्ला.