आधी ब्रेक, मग रंग

जुन्या मिलिटरी गाड्या दुरुस्त करण्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण त्यातला ‘लिलावातली मिलिटरी गाडी आणली की आधी ऑलिव्ह ग्रीन मारून घ्या’ हा सल्ला कृपया काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमाप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांचा. माझी निस्सान वन-टन (फौजेतला एक टनी ट्रक) म्हणूनच मातकट आहे.

आणि रंगाची घाई कशाला? वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं पहिलं दुखणं ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, चाकातले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरं कडक होतात. पेडल घट्ट लागतंय म्हणून मी तशीच गाडी कासला नेली. परतताना यवतेश्वरच्या उतारावर पेडल थेट तळाला! खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी थांबवली. शेजारी माझा मुलगा होता.

दुसऱ्याच दिवशी चारही चाकं खोलली.

वडील अपशिंगे मिलिटरी गावचे, फौजेत ड्रायव्हर होते. ते सांगायचे, गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून भागत नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाणी राहतं. दर रविवारी मी कोरेगावपर्यंत जाऊन येतो. साताऱ्यात कुणी जोंगा जीप किंवा शक्तिमान ट्रक दुरुस्तीला उघडून बसलं असेल तर कळवा, हाताखाली यायला तयार आहे.