मिरचीचा ताळेबंद

काल गच्चीवर माझी मजुरी रोजगार हमीच्या दराने धरण्यात आली. धरणारे आमच्या सोसायटीतले काका. आले होते टाकीचा व्हॉल्व्ह बघायला, बसले माझा हिशेब करायला.

पावसाळा उलटला की कुंडीतल्या मातीची वीट होते. वरून पाणी घातलं की कडेकडेने पळतं, मुळं कोरडीच. तिच्यावर नुसतं खत भुरभुरून उपयोग नाही. कुंडी उपडी करायची, जुन्या मुळ्या काढायच्या, माती 4-5 दिवस कडक उन्हात पसरायची. मग 2 भाग माती, 1 भाग गांडूळखत, 1 भाग कोकोपीट, 12 इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, आडवा. घट्ट बसवला तर बूचच.

"वहिनी, नारळाच्या शेंड्यांचा भुसा धुताय?"

धुवावाच लागतो. त्यात खार असतो. 2-3 पाण्यांतून पिळून काढला नाही तर पानांच्या कडा करपतात. हे सांगेपर्यंत काकांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता. भुसा मांडला, खत मांडलं, पेंड मांडली.

"पाणी?"

"सोसायटीचं."

"म्हणजे आमचंही." तेही मांडलं. "तुमची मजुरी?"

"शून्य धरा."

"शून्य कशी? रोजगार हमीचा दर लावतो." पावसातून वाचलेल्या एकुलत्या मिरचीच्या झाडाला बोट लावून त्यांनी मिरच्या मोजल्या. "बारक्या धरू?"

धरल्या. तरी मिरची अठरा रुपयांना पडली. "मंडईत दहा रुपयांत मूठभर देतात हो!"

देतात. कोथिंबीरही देतात, माहीत आहे. इथे धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पेरा, की 8-10 दिवस कुंडीकडे बघत बसा. आणि उन्हाळ्यात केली तर पानं येण्याआधी फुलंच. परवडत नाहीच. पण हे मला कोणी विचारलं होतं का?

तेवढ्यात त्यांना मुरडलेला शेंडा दिसला. "दृष्ट लागलीय."

लागली असेलच, मघापासून बोट लावून मोजणं चालू होतं. पण पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी कीड. 1 लिटर पाण्यात आधी थोडा पातळ साबण, मग 5 मिली निंबोळी तेल. नुसतं तेल पाण्यावर तरंगत राहतं. फवारायचं संध्याकाळी, पानांच्या पाठीवर. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

काकांनी ऐकलं नाही. 'पाण्याचा वाटा' म्हणून चार मिरच्या खिशात टाकल्या. त्यांच्याच भावाने बहात्तर रुपये! तेही सोडलं. जाता जाता कढीपत्त्याची फांदी धरून खाली ओढली. कात्रीने शेंडा छाटला तर खालून दोन फुटवे येतात, झाड भरतं. ओढलं की साल सोलत खाली येते. तशी ती आली, वीतभर.

"काका, याचा भाव नाही काढलात?"

"कढीपत्त्याचा? तो काय, आपोआप येतो!"

आपोआप! फुटवा यावा म्हणून आंबट ताक पातळ करून घालणारी मी, शेंडे छाटणारी मी, आणि सोललेली फांदी आज सकाळी खालच्या डोळ्यापर्यंत कापून टाकणारीही मीच. शिवाय काकूंचा निरोप आलाय, कढीपत्ता जरा जून होता, पुढच्या वेळी कोवळा द्या.